एकशे एक्क्याऐंशी कागद

नकाशात टाचण्या टोचायचं काम इश्तियाक साहेबांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. ढाक्याहून आलेला हा माणूस आमच्या आरोग्य प्रकल्पात नवा होता, आकड्यांचं शास्त्र शिकलेला होता आणि खरं सांगायचं तर वाईट नव्हता. आमच्यासारखाच नावेतून हिंडायचा, मुरमुरे आणि गूळ खाऊन दिवस काढायचा. फक्त कागदावर जे दिसतं ते वरून लिहून आलंय अशी त्याची समजूत होती. त्याने कचेरीच्या भिंतीवर चौदा गावांचा नकाशा लावला आणि गेल्या दोन वर्षांत पहिल्या महिन्यातच दगावलेल्या प्रत्येक बाळासाठी एक लाल टाचणी टोचली. शालिकपाड्यावर इतक्या टाचण्या झाल्या की तिथलं नदीचं वळण दिसेना.

शालिकपाडा माझं माहेर. सासर नदीपलीकडे दक्षिणडांग्याला, पण नोकरीत मला माहेरचंच गाव दिलं होतं, कारण तिथल्या बायका परक्या बाईला दार उघडत नसत. दर पंधरवड्याला मी घरोघर जायची. कोण गरोदर, कोण बाळंत झालं, कोण गेलं, कोण राहायला आलं, सगळं रजिस्टरात लिहायची. चौदा गावांत माझ्याइतकं नेटकं रजिस्टर कुणाचं नव्हतं आणि मला त्याचा गर्व होता. त्या लाल टाचण्या माझ्याच रजिस्टरातून निघाल्या होत्या. दोन वर्षांत चव्वेचाळीस जन्म आणि अकरा मर्तिकं, म्हणजे चार बाळांमागे एक. बाकीच्या गावांत हेच प्रमाण बारांमागे एक होतं. आणि समोरच्या काठावरच्या बाघमाऱ्यात तर एकही बाळ गेलं नव्हतं. तिथे साहेबांनी हिरवी टाचणी टोचली होती.

साहेबांनी आम्हा सगळ्या कामकरी बायकांना नकाशासमोर बसवून समजावलं. चौदाही गावांत पाणी तेच, तांदूळ तोच, गरिबी तीच. शालिकपाड्यात वेगळं काय, तर सुईण. गावात एकच सुईण, कमरजान. शिवाय कोठीतल्या नोंदीप्रमाणे तिने दोन वर्षांत नाळ कापायची एकशे एक्क्याऐंशी ब्लेडं नेली होती आणि जन्म होते चव्वेचाळीस. उरलेली ब्लेडं गावातल्या न्हाव्याकडे गेली असणार, असं साहेब म्हणाले, आणि दोघीतिघी हसल्या. मीही हसले. हे मी लपवत नाही.

निर्णय झाला. येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी सगळ्या सुईणींची बैठक घ्यायची, कमरजानचा पत्र्याचा डबा परत घ्यायचा, तिचं नाव यादीतून काढायचं आणि तिला बोलावू नये अशी गावात दवंडी द्यायची. बाघमाऱ्याच्या फूलबानूला त्याच बैठकीत छत्री बक्षीस. आकडे माझे म्हणून कागदावर सही माझी लागणार होती. आणि कमरजानला कागद वाचून दाखवून तिचा अंगठा घ्यायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

कमरजान गेली तर काय होईल हे मला ठाऊक होतं. शालिकपाड्याहून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत भरती असेल तर चार तास, ओहोटीत नाव गाळात रुतली तर देव जाणे. कमरजानचे हात काढून घेतले की अडलेल्या बाईला उरते ती फक्त नाव. हे ठाऊक असूनही माझा विश्वास बसला होता, कारण आकडे माझ्या हातचे होते. स्वतःच्या हातचा आकडा माणसाला स्वतःच्या पोरासारखा वाटतो, त्याचं नाक वाकडं आहे हे दिसत नाही. महिनाभर मी कमरजानच्या अंगणात पानसुद्धा खायला थांबले नव्हते.

मी गेले तेव्हा ती तागाच्या काड्यांचं कुंपण बांधत होती. साठीची, काटकुळी, पाठीत वाकलेली बाई. माझ्या हातातला कागद बघून तिने काडी खाली ठेवली. मी वाचून दाखवला. संपल्यावर तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "अंगठा देते की. त्यात काय. पण आधी मेलेली वाच."

"खाला, त्याने काय होणार?"

"होऊ दे काही. माझ्या हातातून गेलेली आहेत ना? मग मला ऐकू दे. वाच."

मी वाचायला लागले. रजिस्टरात बाळांची नावं नव्हती, बापांची होती. पहिलं नाव घेतलं आणि ती म्हणाली, हा बाघमाऱ्याचा, याची बायको दोन दिवस तिकडे अडली होती, मग नावेतून इकडे आणली, बाळ पायाळू. दुसरं, हा काठालिया गावचा, बायको माहेरपणाला आलेली, पहिलटकरीण. तिसरा आपला, दक्षिण आळीतला, ते बाळ सातव्या महिन्यात आलेलं. असं करत ती अकराही सांगत गेली. तारखा तिला येत नव्हत्या, पण पाणी किती चढलं होतं आणि कुणाच्या अंगणात धान पडलं होतं ते सांगायची, आणि माझ्या तारखेशी ते जुळायचं. अकरांपैकी आठ बाहेरच्या गावचे निघाले. गावचे फक्त तीन.

"आता जगलेली वाच," ती म्हणाली.

मी चव्वेचाळीस जन्मांतली जगलेली वाचली. ती बोटांवर मोजत होती. मी थांबले तशी तिने वर पाहिलं.

"झालं?"

"झालं."

"अगं, एवढीच कशी? मेलेली सगळ्या जगाची लिहिलीस आणि जगलेली फक्त आपल्या गावची?"

मी तिला नियम सांगायला लागले आणि सांगता सांगताच माझी जीभ जड झाली. नियम असा होता. जो गावात सहा महिने राहील तो गावचा. त्याहून कमी राहील तो पाहुणा, आणि पाहुण्याचं काही लिहायचं नाही. कबर मात्र प्रत्येक लिहायची, मग ती कुणाची का असेना. हा कबरीचा नियम पटकीच्या साथीत झाला होता, एकही मर्तिक सुटू नये म्हणून. तेव्हा तो शहाणपणाचाच होता. पण आमच्याकडे पोरगी बाळंतपणाला माहेरी येते. शालिकपाड्याची पोरगी तर दुसऱ्या-तिसऱ्यालाही येते, कारण इथे कमरजान आहे, आणि जिचं माहेर इथे नाही ती मावशी, आत्या, चुलत नणंद शोधून काढते. चाळीस दिवसांनी बाळाला घेऊन सासरी जाते. सासरच्या गावची कामकरी बाई त्या बाळाला कसं लिहिते? 'राहायला आले' या रकान्यात. नोकरी सोडून परत आलेल्या माणसाला लिहितात तसं. जन्माच्या रकान्यात नाही, कारण तिच्या गावात ते जन्मलेलंच नसतं.

म्हणजे जगलं तर पोर पाहुणं, मेलं तर गावचं. हे मी दोन वर्षं सुवाच्य अक्षरात लिहीत होते.

कमरजानला माझं तोंड बघून काय वाटलं कोण जाणे. ती आत गेली आणि बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन आली. त्यात ब्लेडांवरचे कागद होते, एकावर एक दाबून, दोऱ्याने बांधलेले. दोन वर्षांपूर्वी शिकवायला आलेल्या नर्सबाईने सांगितलं होतं, की एका बाळाला एकच ब्लेड, आणि नवं हवं तर जुन्याचा कागद जपून ठेव, कधीही तपासायला येतील. कुणी तपासायला आलंच नाही. हिने मात्र प्रत्येक कागद ठेवला होता.

"न्हाव्याला विकली म्हणतात ना?" ती म्हणाली. "मोज. आणि हे बघ पोरी, मला वाचवायला मोजू नकोस. खरं काय ते मोज. माझे हात वाईट निघाले तर डबा मीच आणून देईन. पण तू दोन वर्षं दर पंधरा दिवसांनी या दारावरून गेलीस. एकदा आत येऊन विचारलं असतंस तर?"

मी कागद मोजले. एकशे एक्क्याऐंशी. तिचा अंगठा न घेताच मी परत फिरले.

सोमवारला नऊ दिवस होते. पहिल्याच दिवशी मी साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की कागद म्हणजे बाळ नव्हे, कागद कुणीही गोळा करू शकतो. मला राग आला, पण बोलणं खोटं नव्हतं. कागदाला नाव पाहिजे, नावाला घर पाहिजे, घरात पोर पाहिजे किंवा कबर पाहिजे. एकशे एक्क्याऐंशीतून गावचे चव्वेचाळीस गेले, उरले एकशे सदतीस. ते शोधायला मी निघाले.

सकाळी पाणीभात खाऊन, टुकीला, म्हणजे माझ्या दीड वर्षाच्या पोरीला सासूच्या हवाली करून मी जी निघायची ती दिवेलागणीला परतायची. नवरा म्हणाला, साहेबाशी वाकडं घेऊन तुला काय मिळणार आहे, सही कर आणि मोकळी हो. मी म्हटलं, त्या सहीने जी बाई नावेत मरेल तिच्या घरी तू जाऊन बस. बाकीच्या गावांतल्या कामकरी बायकांनी आधी नाकं मुरडली आणि मग आपापली रजिस्टरं उघडून दिली. 'राहायला आले' या रकान्यात दोन वर्षांखालचं पोर दिसलं की मी त्या घरी जाऊन एकच विचारायची, हे कुठे जन्मलं आणि नाळ कुणी कापली. शालिकपाडा म्हटलं की लिहायची. आणि प्रत्येक घरी आणखी एक विचारायची, इथून शालिकपाड्याला जाऊन आलेलं एखादं बाळ परत आल्यावर गेलं का? हा प्रश्न विचारायला जीभ रेटत नसे, कारण उत्तर 'हो' आलं तर ते कमरजानच्या विरुद्ध जाणार होतं. पण तो सोडला असता तर माझ्यात आणि त्या नकाशात फरक काय राहिला असता? दोन ठिकाणी 'हो' आलं. एक काठालियाला, एक आमच्याच दक्षिणडांग्याला. दोन्ही मी लिहिली.

रविवारी संध्याकाळी सगळी यादी मांडली, बाहेरची मेलेलीही धरून. एकशे छत्तीस. पुन्हा मांडली, पुन्हा एकशे छत्तीस. एक कागद बिननावाचा राहत होता. कुणाचं घर सुटलं म्हणून मी डोकं खाजवलं, सासूला विचारलं, वहीची पानं मागेपुढे केली. सापडलं नाही.

सोमवारी शाळेच्या पडवीत बैठक भरली. सासूला ताप होता म्हणून टुकीला कडेवर घेऊनच गेले. यादीत आलेल्या नऊ गावांतल्या बायकांना मी निरोप दिले होते, की शालिकपाड्यात जन्मलेलं पोर घेऊन या. पाच-दहा येतील असं वाटलं होतं. नावा लागत राहिल्या आणि अंगणात साठ-पासष्ट बायका पोरं घेऊन बसल्या. रडणं, खोकणं, दूध पाजणं, सगळं एकदमच चाललेलं.

आत टेबलावर कमरजानचा पत्र्याचा डबा होता आणि शेजारी बक्षिसाची नवी छत्री. साहेबांनी टाचण्यांचा नकाशा आणला होता. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि सही करा म्हणाले. मी सही करणार नाही म्हटलं. मग यादी उघडली आणि जे वर लिहिलंय ते सगळं सांगितलं, पाहुण्यांचा नियम, कबरींचा नियम, ब्लेडाचे कागद. साहेब मध्येच हसले. मग अंगणाकडे बोट केलं.

"मोर्शेदा बेगम, तुम्ही जिवंत पोरांची जत्रा भरवलीत. मेलेलं पोर चालत येतं का? जगलेली तेवढी गोळा केली तर कुठलीही सुईण चांगलीच दिसेल."

हा प्रश्न हुशार होता. आठ दिवस आधी विचारला असता तर मी गप्प बसले असते.

"बरोबर आहे, साहेब," मी म्हटलं. "पण मेलेली आणायची गरजच नाही. ती सगळी आधीच तुमच्या नकाशावर आहेत. अकराच्या अकरा. तुम्ही एकही सोडलेलं नाही. सोडलीत ती बाहेर बसलेली. आणि दोन सासरी जाऊन, महिना उलटल्यावर गेली, म्हणून तुमच्या नकाशावर नाहीत. ती मी शोधून वाढवलीत. तेरा धरा. एकशे एक्क्याऐंशीत तेरा. चौदांमागे एक. बाकीच्या गावांत बारांमागे एक आहे. आता बोला."

साहेबांनी पेन्सिल काढली आणि भागाकार केला. दोनदा केला. मग म्हणाले, "मग बाघमाऱ्याचं शून्य कसं? तिथे तर कुणीच गेलं नाही. तिथली सुईण काय जादू करते?"

सगळे फूलबानूकडे बघायला लागले. ती जाडजूड, हसऱ्या तोंडाची बाई. छत्री मिळणार म्हणून नवी साडी नेसून आली होती. ती उठली, पण वर बघेना.

"जादू कसली, साहेब," ती म्हणाली. "अवघड बाई दिसली की मी हात लावतच नाही. नावेत बसवते आणि कमरजानकडे धाडते. मेलं तर तिकडे मरतं, माझ्याकडे नाही." मग जरा थांबून म्हणाली, "माझी लेक आठ दिवस झाले तिच्याच घरी आहे. दिवस भरलेत. ती छत्री मला नको."

इश्तियाक साहेबांचे कान लाल झाले होते. मला त्या क्षणी त्यांची कीव आली असं म्हटलं तर ते खोटं होईल, मला चांगलं वाटलं. पण माणूस चिवट होता. त्यांनी माझी यादी ओढून घेतली आणि बोट ठेवून नावं मोजायला लागले. शेवटच्या नावावर येऊन ते थांबले.

"एकशे छत्तीस," ते म्हणाले. "चव्वेचाळीस आणि एकशे छत्तीस. एकशे ऐंशी. कागद आहेत एकशे एक्क्याऐंशी. एक ब्लेड कुठे गेलं? एक चुकलं तर बाकीच्यांवर का विश्वास ठेवायचा?"

एका भोकाने भांडं रिकामं होतं हे मलाही कळत होतं. मी यादी परत घेतली आणि उगाचच वरून खाली बघायला लागले. अक्षरं दिसेनात.

तेवढ्यात कमरजान, जी सकाळपासून कोपऱ्यात पान चघळत बसली होती, काठी टेकत उठली. ती साहेबांकडे गेली नाही. माझ्यापाशी आली आणि कडेवरच्या टुकीचं नाक तिने दोन बोटांत धरलं. टुकी खुदकन हसली.

"एकतीस तास अडली होतीस गं," ती मला म्हणाली. "भादव्यात. तुझ्या आईच्या मागच्या खोलीत. नाळ गळ्याभोवती होती. आठवतंय का काही?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी नऊ दिवस नऊ गावांना घातला होता. दक्षिणडांग्यात प्रत्येक दारावर जाऊन विचारलं, फक्त माझ्या दारावर विचारलं नाही. माझी स्वतःची पोरगी सासरच्या रजिस्टरात 'राहायला आले' मध्ये पडली होती आणि मी, तिची आई, तिला जगात आणणाऱ्या हातांना सुवाच्य अक्षरात खुनी ठरवून बसले होते. मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं आणि मी ते पुसलंही नाही.

मग मी टेबलावरून माझं शालिकपाड्याचं रजिस्टर ओढलं आणि जन्माचा रकाना उघडला. साहेब म्हणाले की पाहुण्याची नोंद करता येणार नाही, नियमात बसत नाही, नोकरी जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. तोवर लिहिते.

"आधी टोचलेल्या टाचण्या काढा," मी म्हटलं. "मग माझी नोकरी काढा."

त्यांनी टाचण्या काढल्या नाहीत. नोकरीही काढली नाही. ते खुर्चीवर बसून माझ्या पेनाकडे बघत राहिले, आणि बऱ्याच वेळाने त्यांनी सहीचा कागद उलटा करून त्याच्या कोऱ्या बाजूवर बाहेर बसलेल्या बायकांची गावं लिहून घ्यायला सुरुवात केली. एकेकीला आत बोलावून.

कमरजान त्यासाठी थांबली नाही. तिने पत्र्याचा डबा उचलला, कुणाला न विचारता, आणि फूलबानूला म्हणाली, चल, तुझ्या लेकीपाशी कुणी नाही. दोघी घाटाकडे गेल्या.

टुकी पेन धरायला बघत होती. तिचा हात बाजूला करून मी लिहिलं. नाव: तहमिना, ऊर्फ टुकी. आई: मोर्शेदा. जन्म: शालिकपाडा. नाळ कापली: कमरजान. एकशे एक्क्याऐंशी. जिवंत.